पायांच्या शिरा : वारसा किती, राबणूक किती?

कापडाच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रीच्या पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरांच्या गाठी दिसू लागल्या आणि ती दवाखान्यात गेली, तर तिला पहिला प्रश्न बहुधा असा विचारला जातो की, आईला किंवा वडिलांना हा त्रास होता काय? प्रश्न शास्त्राला धरून आहे. त्याबद्दल डॉक्टरला दोष देण्याचे कारण नाही. परंतु दिवसातून किती तास उभे राहावे लागते, मधे बसावयास मिळते काय, हा दुसरा प्रश्न तितक्याच तत्परतेने विचारला जातोच असे नाही. आणि विचारला गेला तरी त्याचे उत्तर औषधाच्या चिठ्ठीवर उतरत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या घरात सापडते, दुसऱ्याचे मालकाच्या दुकानात. या दोन उत्तरांचे परस्परांशी नाते काय, हे समजून घेण्यास जुळ्या भावंडांच्या शिरांवर झालेले संशोधन फार उपयोगी आहे. मात्र ते नीट वाचले पाहिजे. चुकीचे वाचले तर तेच संशोधन कामगाराच्या विरुद्ध साक्षीला उभे केले जाईल, आणि असे यापूर्वी घडलेले आहे.

शीर म्हणजे केवळ रबरी नळी नव्हे. शरीरातील एकूण रक्तापैकी सुमारे दोन-तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असते. पायांतील रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावयाचे तर शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा लागतात. पादुआ येथील फाब्रिसियसने १६०३ साली या झडपांचे वर्णन केले, परंतु त्यांचा खरा अर्थ कळला तो त्याचा शिष्य विल्यम हार्वे याला, आणि तो त्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणावरील आपल्या ग्रंथात मांडला. झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. ते वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक हे स्नायू आवळले जातात आणि शिरा पिळल्यासारख्या रिकाम्या होतात. माणूस निश्चल उभा राहिला की हा पंप बंद पडतो. अशा वेळी घोट्याजवळच्या शिरेतील दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला तर काही पावलांतच तो २० ते ३० पर्यंत उतरतो. टपाल वाटीत गावभर हिंडणाऱ्या पोस्टमनचे पाय दुखत नाहीत असे नव्हे. परंतु काउंटरमागे एका जागी खिळून उभ्या असलेल्या माणसाच्या शिरांवर पडणारा ताण निराळ्याच जातीचा असतो. हा दाब वर्षानुवर्षे राहिला की शिरेची भिंत ताणली जाते, ती रुंदावते, झडपांची पाती एकमेकींना भिडेनाशी होतात, रक्त मागे वाहू लागते. मग सूज, ठणका, काळवंडलेली कातडी, आणि शेवटी घोट्याजवळचा महिनोन् महिने न भरणारा व्रण.

भिंत किती ताणली जाईल हे तिच्या लवचिकतेवर अवलंबून. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द परिचयाचा आहे. किंमत अमुक बदलली तर मागणी किती बदलते, ही मागणीची लवचिकता. दाब अमुक वाढला तर शीर किती फुगते, ही शिरेची. दोन्हींकडे लवचिकता ही स्वयंभू वस्तू नसून बाहेरच्या बदलाला मिळणारा प्रतिसाद आहे. बाहेर बदलच झाला नाही, तर ती दिसणारही नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

शिरेचा आकार आणि लवचिकता आईबापांकडून किती येते आणि आयुष्यातून किती, याचा शोध हंगेरीतील संशोधकांनी घेतला. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. बुडापेस्टच्या सेमेलवाइस विद्यापीठातील आडाम आणि डेव्हिड तार्नोकी हे बंधू या कामाशी निगडित आहेत. ते स्वतःच जुळे आहेत, आणि क्ष-किरणशास्त्राचे डॉक्टर आहेत. (ज्यांच्या नावे हे विद्यापीठ आहे त्या सेमेलवाइसने १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात दाखवून दिले की, बाळंतिणींना मारणारा ज्वर डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांतून येतो. तेथे दोन प्रसूतिविभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. बायका दोन्हींकडे सारख्याच, आणि मृत्यूचे प्रमाण मात्र कितीतरी वेगळे.) हंगेरीच्या संशोधकांनी एकबीज आणि द्विबीज अशा दोन्ही प्रकारच्या जुळ्यांच्या जांघेतील मोठी शीर अल्ट्रासाउंडने मोजली, एकदा निजलेल्या स्थितीत, एकदा उभ्या स्थितीत, आणि श्वास कोंडून जोर लावावयास सांगून, म्हणजे दाब मुद्दाम वाढवून. निष्कर्ष स्पष्ट होता. एकबीज जुळ्यांच्या शिरा आकाराने आणि लवचिकतेने एकमेकींशी जितक्या मिळत्याजुळत्या निघाल्या, तितक्या द्विबीज जुळ्यांच्या निघाल्या नाहीत. अनेक मोजमापांत आनुवंशिकतेचा वाटा भरघोस दिसला, आणि उरलेला वाटा ज्याच्या त्याच्या स्वतंत्र आयुष्याकडे गेला.

हे नाकारण्याचे काही कारण नाही. पुरोगामी म्हणविणाऱ्यांमध्ये आनुवंशिकतेचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालण्याची एक खोड आहे. ती सोडली पाहिजे. सोव्हिएत रशियात लायसेंकोच्या आग्रहापायी जनुकशास्त्रच देशद्रोही ठरविण्यात आले आणि निकोलाय वाविलोव्हसारखा जगन्मान्य वनस्पतिशास्त्रज्ञ १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात मेला. त्यामुळे समाजवाद तसूभरही पुढे गेला नाही, पिके मात्र मागे गेली. याउलट जे. बी. एस. हॉल्डेन हा पक्का डावा असूनही जनुकशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांपैकी एक होता. १९५७ साली तो इंग्लंड सोडून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. निसर्ग आणि संगोपन यांची परस्परक्रिया हा त्याचा १९४६ सालचा विषय होता. दोन वाणांपैकी कोणते चांगले, हे परिस्थिती सांगितल्यावाचून सांगता येत नाही, हे त्याने त्यात दाखविले.

तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा आहे. प्रश्न आहे तो या 'वाटा' शब्दाच्या अर्थाचा. एखाद्या शिरेच्या जाडीपैकी साठ टक्के आईबापांनी दिली आणि चाळीस टक्के परिस्थितीने, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. शीर अशी वाटून देता येत नाही. हा आकडा एका माणसाविषयी नसतोच. तो माणसामाणसांतील तफावतीविषयी असतो. मोजलेल्या गटात शिरा लहानमोठ्या आहेत, त्या लहानमोठेपणापैकी किती भाग त्या गटातील जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढेच तो सांगतो. त्याचे गणितही साधे आहे. एकबीज जुळ्यांची सर्व जनुके सारखी, द्विबीजांची सरासरीने निम्मी. म्हणून दोन्ही गटांतील सहसंबंधांतील फरकाची दुप्पट केली की आनुवंशिकतेचा ढोबळ आकडा मिळतो. एकबीज जुळ्यांना घरात आणि बाहेरही अधिक सारखे वागविले जात नाही, असे यात गृहीत धरावे लागते. ते गृहीत किती खरे, हा जुना वाद आहे. शिरांच्या बाबतीत तो बुद्धीच्या बाबतीतल्याइतका तापदायक नाही, कारण कोणी मुलांच्या शिरा पाहून त्यांना वाढवीत नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. अशी कल्पना करावी की, एका गावात सर्व माणसे दररोज दहा तास उभी राहतात. त्या गावात उभे राहण्यामुळे माणसामाणसांत काहीच फरक पडणार नाही, कारण त्यात कोणी कोणापेक्षा वेगळा नाही. तेथे कोणाच्या शिरा फुगल्या आणि कोणाच्या नाही, याचे उत्तर जवळजवळ सगळे वारशात सापडेल. तेथील प्रामाणिक शास्त्रज्ञ प्रामाणिकपणे लिहील की हा रोग आनुवंशिक आहे. आणि त्याचे गणित अचूक असूनही ज्या कारणाने सारे गाव आजारी आहे ते कारण त्याच्या कोष्टकात कोठेही दिसणार नाही. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड ल्युऑन्टिन याने १९७० साली मक्याच्या बियांचा दाखला देऊन हेच सांगितले होते. एकाच पोत्यातील मिश्र बियांची एक मूठ सकस द्रावणात आणि दुसरी निकस द्रावणात लावली, तर प्रत्येक कुंडीच्या आत रोपांच्या उंचीतील फरक पूर्णपणे वाणाचा. पण दोन कुंड्यांमधील फरक पूर्णपणे खताचा. माणसाच्या उंचीचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. उंची ही अतिशय आनुवंशिक गोष्ट मानली जाते. तरीही एकाच वंशाच्या कोरियन लोकांचे १९४५ नंतर दोन देश झाले आणि दक्षिणेतील माणूस उत्तरेतील माणसापेक्षा उंच झाला. योगायोग असा की, उंच माणसांना शिरा फुगण्याचा धोका अधिक असतो, असे ब्रिटनमधील लाखो लोकांच्या माहितीवरून २०१८ साली आढळून आले.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी. परिस्थिती जसजशी सर्वांना सारखी होते तसतसा आनुवंशिकतेचा आकडा वाढतो. सर्वांना पोटभर अन्न मिळाले, सर्वांना बसावयास मिळाले, सर्वांना दवाखाना मिळाला, तर उरलेली तफावत जनुकांचीच असणार. म्हणजे मोठा आकडा हा विषमता नैसर्गिक असल्याचा पुरावा नसून, कधी कधी विषमता कमी झाल्याची खूण असू शकतो. जुळ्यांच्या अशा गणितांत 'सामायिक परिस्थिती'चा वाटा पुष्कळदा नगण्य निघतो तो यामुळेही असेल, कारण तपासलेली घरे एकमेकांपासून फारशी दूर नसतात. आणि 'स्वतंत्र परिस्थिती' म्हणून जे उरते ते काय? त्यात नोकरी, बाळंतपणे, जुनी दुखापत, वजन आणि मोजणाऱ्याच्या हातून झालेली चूक, हे सगळे एकाच गाठोड्यात बांधलेले असते. ते गाठोडे सोडून पाहण्याचे काम जुळ्यांचे गणित करीत नाही.

आकडा मोठा असला तर उपाय निरुपयोगी ठरतो काय? या प्रश्नाचा निकाल एका अर्थशास्त्रज्ञानेच लावलेला आहे. १९७६ साली पॉल टॉबमन याने अमेरिकन जुळ्यांच्या मिळकतीचा अभ्यास करून तीतही आनुवंशिकतेचा मोठा वाटा दाखविला. आणि त्यावरून, उत्पन्नाच्या वाटपाची चौकशी करणारे सरकारी आयोग आता गुंडाळावेत, असा सूर इंग्लंडात निघाला. तेव्हा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर गोल्डबर्गरने १९७९ साली उपरोधाने सुचविले की, मग चष्म्यांच्या वाटपाचेही तेच करावे, कारण दृष्टिदोष तर फारच आनुवंशिक आहे. चष्मा जनुक बदलत नाही. तरी माणसाला दिसू लागते. दुकानातील स्टुलाचे काम चष्म्यासारखेच आहे.

जुळ्यांच्या आकड्यांना हा राजकीय सूर चिकटला आहे तो आजचा नव्हे. फ्रान्सिस गाल्टनने १८७५ साली जुळ्यांवर पहिला निबंध लिहिला आणि १८८३ साली सुप्रजननशास्त्र हा शब्दही त्यानेच घडविला. ऑशविट्झच्या छावणीत जोसेफ मेंगेलेने जुळ्या मुलांचे काय केले, हे सर्वज्ञात आहे. इंग्लंडात सर सिरिल बर्ट याने वेगळ्या वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या बुद्धीचे आकडे दिले, आणि ११ व्या वर्षी परीक्षा घेऊन मुलाच्या शिक्षणाची वाट कायमची ठरविणाऱ्या पद्धतीला त्याच्या मताचे पाठबळ मिळाले. त्याच्या निबंधांत जुळ्यांच्या जोड्या वाढत वाढत १९६६ पर्यंत ५३ झाल्या, परंतु सहसंबंध तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत ०.७७१ हाच राहिला. १९७४ साली लिओन कामिनने ही विलक्षण गोष्ट चव्हाट्यावर आणली. पुढे बर्टची बाजू घेणारेही निघाले. पण त्या आकड्यांवर आता कोणी विसंबत नाही. आपल्याकडे 'ते त्यांच्या रक्तातच असते' हे वाक्य जातीच्या समर्थनार्थ किती सहज उच्चारले जाते, हे सांगण्याची गरज नाही. १९३६ सालच्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात डॉ. आंबेडकरांना वंशशुद्धीच्या या युक्तिवादाचा स्वतंत्र समाचार घ्यावा लागला होता.

हंगेरीच्या डॉक्टरांना या पंक्तीत बसविणे अर्थातच अन्यायाचे होईल. त्यांनी शिरा मोजल्या, निमूटपणे आणि काळजीपूर्वक. त्यांच्या शेजारी दुसरे काही पुरावे ठेवले की चित्र पुरे होते. एका फ्रेंच पाहणीत १९९४ साली असे दिसले की, आईबाप दोघांनाही व्हेरिकोज व्हेन्स असतील तर मुलांना तो विकार होण्याचा संभव ९० टक्क्यांपर्यंत जातो. पण दोघांनाही नसला तरी तो २० टक्के उरतोच. एडिंबरोच्या १९९९ सालच्या मोठ्या पाहणीत तर स्त्रियांपेक्षा पुरुषांतच प्रमाण अधिक निघाले, सुमारे ४० विरुद्ध ३२ टक्के. म्हणजे 'हा बायकांचा आजार' ही समजूतही तपासून घ्यावयास हवी. बायका दवाखान्यात अधिक जातात, एवढाच कदाचित तिचा आधार असेल. आणि डेन्मार्कमध्ये नोकरदारांच्या एका मोठ्या गटावर १२ वर्षे नजर ठेवून २००५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, कामाच्या वेळेपैकी तीन-चतुर्थांश किंवा अधिक वेळ उभे राहणाऱ्यांना या विकारासाठी इस्पितळात दाखल होण्याची पाळी इतरांच्या मानाने पुरुषांत १.७५ पट आणि स्त्रियांत १.८२ पट अधिक येते. कामकरी वयातील अशा रुग्णांपैकी एक-पंचमांशाहून अधिक रुग्ण केवळ उभ्याच्या कामाचे, असा त्यांचा हिशेब आहे. ही आकडेवारी डेन्मार्कची आहे, जेथे कामाचे तास मर्यादित आहेत आणि संघटना बलवान आहेत. सकाळी दहाला शटर उघडल्यापासून रात्री नऊला ते पडेपर्यंत उभ्या राहणाऱ्यांचा हिशेब कोणी मांडलाच, तर तो याहून सौम्य निघेल असे मानण्यास आधार नाही.

या ठिकाणी मालकवर्गाचा एक नवा युक्तिवाद संभवतो. रोग जर वारशाचा, तर ज्यांच्या शिरा मुळात चांगल्या आहेत अशांनाच कामावर घ्यावे. खुर्च्यांचा खर्च कशाला? ही कल्पनारंजित भीती नाही. अमेरिकेतील एका मोठ्या रेल्वे कंपनीने, मनगटाच्या दुखण्याची तक्रार करणाऱ्या कामगारांचे रक्त त्यांना न सांगता जनुकीय तपासणीसाठी पाठविले. दुखणे रुळांवरील कामाचे नसून कामगाराच्या वंशाचे आहे, असे दाखविण्याचा तो खटाटोप होता. २००१ साली सरकारी आयोग न्यायालयात गेला आणि २००२ मध्ये कंपनीला २२ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २००८ साली झाला. आपल्या कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत हा विषय अजून आलेला नाही. तो यावयास हवा, कारण रक्ततपासणी दिवसेंदिवस स्वस्त होत आहे, आणि नोकरीपूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत काय काय तपासले जाते हे सही करणाऱ्याला क्वचितच ठाऊक असते.

बसण्याच्या हक्काचा इतिहास मात्र जुना आहे. इंग्लंडात दुकानांतील स्त्री-नोकरांसाठी आसनांची सक्ती करणारा कायदा १८९९ साली झाला. तेव्हा जनुक हा शब्दही जन्मला नव्हता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ४४ वे कलम घालण्यात आले : उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना, कामाच्या ओघात विश्रांतीची संधी मिळाल्यास तिचा लाभ घेता यावा म्हणून बसण्याची सोय असावी. विश्रांतीची संधी मिळाल्यास! गिरणगावात मागावर उभ्या असलेल्या विणकराला ती किती मिळाली, हे त्या पिढीच्या पायांना विचारावे. शिवाय तो कायदा कारखान्यांचा. दुकाने त्याच्या बाहेर राहिली. ती उणीव भरून निघाली ती विधिमंडळाच्या कृपेने नव्हे, तर कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेतील विक्रेत्या स्त्रियांमुळे. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने 'पेण्कूट्ट' ही स्त्रियांची संघटना उभी राहिली. तिच्या मागण्या दोनच, आणि दोन्ही उच्चारण्यासही लाज वाटावी इतक्या साध्या : लघवीला जाऊ द्या आणि बसू द्या. २०१४ च्या अखेरीस त्रिशूर येथील एका बड्या वस्त्रदालनातील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी संप केला. २०१८ साली केरळने दुकाने कायद्यात दुरुस्ती करून आसन सक्तीचे केले. २०२१ साली तामिळनाडूने आपल्या १९४७ च्या कायद्यात २२-अ हे कलम घालून तेच केले. त्या स्त्रियांनी एकही जुळे मोजले नव्हते.

याचा अर्थ जुळ्यांच्या शास्त्राचे काम संपले असा नाही. उलट त्याचे सर्वांत उपयोगी काम अजून व्हावयाचे आहे. एकबीज जुळ्यांपैकी एक बहीण दुकानात उभी राहते आणि दुसरी कचेरीत बसते, अशा जोड्या शोधून त्यांच्या शिरा मोजल्या, तर वारसा आपोआप वजाबाकीत जातो. दोन बहिणींच्या पायांत जो फरक उरेल तो आयुष्याचा, आणि त्यातही मुख्यतः कामाचा. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. अल्ट्रासाउंड तालुक्याच्या गावी पोचला आहे. हवी ती जुळ्यांची नोंदवही, आणि तीत प्रत्येकाच्या नावापुढे एक साधा रकाना : कामावर उभे राहण्याचे तास. तो रकाना भरण्याचे काम डॉक्टरांपेक्षा दुकान-कर्मचाऱ्यांच्या संघटना अधिक चांगले करू शकतील, कारण मालकाच्या हजेरीपटावर तो नसतो.